सिगरेट बंद करून चार दिवस : तलफ, चिडचिड आणि पहाटे तीनला मोडणारी झोप

खामला_३४

नमस्कार मंडळी. सोमवारी सकाळपासून सिगरेट पूर्ण बंद आहे, आज गुरुवार. आधी दिवसाला १५-१६ व्हायच्या. पहिली उठल्यावर दहा मिनिटांत, चहासोबत, आणि त्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. वय ३४. बीपी, शुगर नाही, कोणतंच औषध चालू नाही. दुकानातून २ मिलिग्रॅमची निकोटीन गम आणली आहे, दिवसाला तीन-चार होतात.

तलफ दिवसातून वीस-पंचवीस वेळा येऊन राहिली. सगळ्यात जोरात सकाळच्या चहाला, अकराला आणि दुपारी चारला. गम चावली की घशात जळजळ आणि उचकी, तलफ मात्र तशीच. संध्याकाळी घरी पोचलो की बायको आणि सहा वर्षांच्या लेकीवर विनाकारण आवाज चढतो. पहाटे तीनला झोप मोडते, मग लागतच नाही. चार दिवसांपासून पोट साफ नाही. चहा सहा-सात कपांवर गेला, हाताला दुसरं काही उरलंच नाही. ऑफिस आयटी पार्कला, गेटसमोरच पानठेला. तिथे तंबाखू-सुपारीचा खर्राही मिळतो. सोबतचे म्हणतात, "इतकं होऊन राहिलं त खर्रा धर ना, धूर त नाही त्यात."

हे किती दिवस चालतं? गमचं काय चुकून राहिलं? आणि रागाचं काय करायचं? मन खंबीर ठेवा असं सगळेच सांगतात. कसं ठेवायचं ते कोणी सांगत नाही. नेमकं सांगा, विनंती आहे.

औषधपेटी

खामलाभाऊ, आधी गमबद्दल लिहितो, कारण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथं दिसतं.

उचकी आणि जळजळ होते याचा अर्थ तुम्ही ती साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावता. तिच्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते एकदम सुटतं, थुंकीबरोबर गिळलं जातं, घसा आणि पोट जाळतं, आणि आतड्यातून जे शोषलं जातं त्यातलं बरंचसं यकृतच मोडून टाकतं. त्रास पूर्ण होतो आणि मेंदूपर्यंत जेमतेम काही पोचतं.

रीत अशी. गम तोंडात घेऊन अगदी सावकाश चावा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिऱ्यासारखी तिखट चव येईल किंवा हिरडीला झिणझिण्या येतील. तिथेच चावणं थांबवा आणि गम गाल व हिरडी यांच्या मधल्या फटीत दाबून ठेवा. मिनिटभरात झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडी चावा, या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास चालायला हवं. चावूनही तिखट लागेनाशी झाली की ती संपली. पाच मिनिटांत थुंकून टाकली तर पैसे वाया.

दुसरी चूक मात्रेची आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागणाऱ्यासाठी खरं तर ४ मिलिग्रॅमची गम असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. २ मिलिग्रॅमचीच वापरायची तर दिवसाला तीन-चारने काही होणार नाही. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ, कमाल चोवीस. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. मग बंद. बहुतेक लोक "औषधाची सवय लागेल" या भीतीने अर्धपोटी मात्रा घेतात आणि दहाव्या दिवशी पुन्हा ठेल्यावर दिसतात. गममधून निकोटीन हळू आणि कमी चढतं, धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यात नसतं. ही भीती उलट्या जागी आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. गमचं शिखर यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधणं म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडी आणणं. तुमची तलफ ११ आणि ४ ला ठरलेली आहे ना? मग गम १०:४० ला आणि ३:४० ला तोंडात हवी, तलफ असो वा नसो. मोबाइलवर अलार्म लावा.

आणि हे नागपुरात, संत्र्याच्या गावात, मुद्दाम सांगायलाच हवं : तोंडात आंबटपणा असला की निकोटीन गालातून आत जात नाही. संत्री, लिंबू सरबत, ताक, कोल्ड्रिंक, कॉफी यांतलं काहीही गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चालत नाही. चहाचंही तेच धरा. चहा झाला की साध्या पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा, मग गम. सकाळी मात्र क्रम उलटा ठेवा. उठल्यावर चूळ भरून आधी गम, अर्धा तास पूर्ण, आणि नंतर चहा. रात्रभरात तुमच्या रक्तातलं निकोटीन तळाला गेलेलं असतं, म्हणून ती पहिली गम चुकवायची नाही.

घरात लहान लेक आहे. पाकीट तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि चावून झालेली गमसुद्धा कागदात गुंडाळून टाका. तिच्यात निकोटीन शिल्लक असतं आणि लहान मुलाला तेवढंही बाधू शकतं.

फुटाळा_सकाळ

झोपेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सहा-सात कप चहा हे पहाटे तीनचं मोठं कारण आहे.

सिगरेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला सतत जोरात चालवत असतात. हेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफीन मोडतं. त्यामुळे सिगरेट ओढणाऱ्याला कॅफीन लवकर पचतं, कितीही चहा प्या, काही वाटत नाही. सिगरेट थांबली की काही दिवसांत ते एन्झाइम मंदावतं. मग तेवढ्याच चहातलं कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रक्तात रेंगाळतं. छातीत धडधड, हात थरथरणं, उगाच अस्वस्थ वाटणं, झोप मोडणं हे सगळं त्यातून होतं, आणि माणूस समजतो की सिगरेट नाही म्हणून होतंय. तुम्ही तर कप वाढवलेत. म्हणजे दोन्हीकडून भर.

गमने हे थांबत नाही, कारण एन्झाइमला हाकलणारा धूर होता, निकोटीन नव्हे.

तर चहा आजपासून तीन कप, शेवटचा दुपारी दोनच्या आत. एकदम शून्यावर आणू नका, नाहीतर कॅफीन तुटल्याची डोकेदुखी वेगळी सुरू होईल. चारच्या चहाच्या जागी गरम पाण्यात आलं-गवती चहा, चहापत्ती न घालता. हाताला गरम कप लागतो आणि तेवढ्याने बरंच भागतं.

हा धागा इतरही वाचत असतील म्हणून एक : जे मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा दम्यासाठी थिओफिलिन घेतात, त्यांच्या औषधाचं रक्तातलं प्रमाणही याच कारणाने वाढतं. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्यांनी रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी, इन्शुलिन घेणाऱ्यांनी शुगर जास्त वेळा तपासावी. सिगरेट सोडायच्या आधीच डॉक्टरांना तारीख सांगून ठेवा. मात्रा स्वतः कमी करू नका.

शब्द_आणि_श्वास

भाऊ, किती दिवस चालतं ते आधी. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. शरीराची ओढाताण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणजे सगळ्यात उभा चढ तुम्ही चुकीच्या पद्धतीने चावलेल्या तीन गमवर चढून आला आहात. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं हे पुढे दोन ते चार आठवड्यांत उतरतं. जास्तीची भूक मात्र दोन-अडीच महिने राहू शकते. तलफ हळूहळू विरळ होते, पण महिन्यांनंतरही एखाद्या जागेवर, एखाद्या वासावर अचानक येते. तेव्हा "अजून गेलंच नाही" म्हणून घाबरायचं नाही. ती आठवण असते, शरीराची मागणी नसते, आणि पाच मिनिटांत जाते.

आता राग. सिगरेटने मन शांत होतं असं वाटतं, त्यामागे एक हिशोब आहे. दिवसाला सोळा म्हणजे जागेपणी साधारण तासाला एक. प्रत्येक सिगरेटनंतर तासाभरात निकोटीन उतरू लागतं, आणि माणूस थोडा चिडका, थोडा बेचैन होतो. पुढची सिगरेट ती बेचैनी मिटवते आणि श्रेय स्वतः घेते. बेचैनी आधीच्या सिगरेटनेच दिलेली असते. सोडलेल्यांची आणि चालू ठेवलेल्यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. काही आठवड्यांनंतर चिंता आणि उदासी सोडलेल्यांमध्ये कमी आढळते. म्हणून आजचा राग हा तुमचा खरा स्वभाव बाहेर आलाय असं समजू नका, घरच्यांनाही समजू देऊ नका.

तुमचा आवाज संध्याकाळी घरी पोचल्यावर चढतो असं तुम्हीच लिहिलंय. त्या वेळी तीन गोष्टी एकत्र येतात. दुपारच्या जेवणाला पाच-सहा तास झालेले असतात, शेवटची गम उतरलेली असते, आणि वर रस्त्यातली गर्दी. यातल्या पहिल्या दोन हातात आहेत. ऑफिसातून निघायच्या अर्धा तास आधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक केळं खा. मग पंधरा मिनिटं थांबून गम लावा आणि ती तोंडात असतानाच निघा. घरात शिरताना रक्तात साखर आणि निकोटीन दोन्ही असेल तर तोच प्रसंग वेगळा जातो. हे साधं वाटतं, पण समुपदेशनात याचा फरक पहिल्या आठवड्यातच दिसतो.

घरी शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं कोणाशीही बोलायचं नाही हे बायकोला सांगून ठेवा. हातपाय धुवा, मनगटावर आणि तोंडावर गार पाणी घ्या. एक वाक्य दोघांनी ठरवून ठेवा, "मी दहा मिनिटांत येतो." एवढंच बोलून खोलीबाहेर जायचं, आणि दहा मिनिटांत खरंच परत यायचं. परत न आल्यास ते वाक्य पुढच्या वेळी चालत नाही. राग तोंडातून निघण्याआधी शरीरात येतो. जबडा आवळला जातो, कान तापतात, बोलण्याचा वेग वाढतो. तुमची खूण यातली कोणती ते दोन दिवस बघा आणि ती दिसताच उठा. शब्द निघाल्यावर उठून फारसा उपयोग नाही.

लेकीला तिच्या भाषेत सांगा : "बाबांनी धूर सोडलाय, म्हणून बाबांचं डोकं सध्या तापतं. तुझी चूक नाही." लहान मुलं न सांगितलेल्या रागाचा दोष स्वतःकडे घेतात. आवाज चढलाच तर त्याच रात्री, झोपायच्या आधी, तिची माफी मागा.

श्वासाबद्दल एवढंच की तो लांब सोडण्याला महत्त्व आहे. चार मोजत नाकाने आत, सात-आठ मोजत ओठ अर्धवट मिटून बाहेर. असे दहा. दीड-दोन मिनिटं लागतात. छाती फुगवून जोरात ओढले तर चक्कर येते, मग लोक "मला नाही जमत" म्हणून सोडून देतात. तलफेतही हेच करा. सिगरेटमध्ये लांब श्वास सोडणं होतंच, शरीराला त्याचीही सवय असते.

सकाळी पोट साफ न होणं खरं आहे, निकोटीन आतड्याला ढकलत होतं. आतडं स्वतः चालायला लागेपर्यंत रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर कोमट पाण्यात घालून लगेच प्या, आणि दिवसभर पाणी भरपूर प्या. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकवतो. सकाळी उठल्याबरोबर पुन्हा एक मोठा पेला कोमट पाणी. चहाची जागा बदला. गॅलरीत पीत असाल तर स्वयंपाकघरात, उभ्याने पीत असाल तर बसून. मेंदूने जागा, कप आणि धूर यांची एकच गाठ मारून ठेवलेली असते. त्यातलं एक टोक हललं तरी गाठ सैल होते.

अकरा आणि चारला दोन आठवडे गेटबाहेर जायचंच नाही. सोबत्यांना आधीच सांगा, "३० तारखेपर्यंत मला खाली बोलवू नका." "जमलं तर सोडतोय" असं म्हणालात की पाकीट पुढे येतं. त्या दहा मिनिटांत जिने दोन मजले चढा-उतरा. डेस्कवर पाण्याची बाटली, बडीशेप, लवंग. लवंग दाढेखाली धरायची, चावायची नाही.

आणि एक छोटी वही. तलफ आली की वेळ, जागा, शेवटचं खाणं किती वाजता, शेवटची गम किती वाजता, एवढं लिहा. तीन दिवसांत दिसेल की वीस-पंचवीसपैकी किती तलफा नुसत्या भुकेच्या आहेत.

एक गोष्ट गंभीरपणे. उदासी सलग दोन आठवडे टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, किंवा जगणं नको असं मनात आलं, तर ते सिगरेट सोडल्याचं म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, केव्हाही लावा. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेलंय त्यांनी सोडायची तारीखच डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

दात_आणि_हिरड्या

खर्ऱ्याबद्दल. मित्र चांगल्या मनाने सांगत असतील, पण ऐकू नका.

खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीवर घोटलेला असतो. चुन्याने तोंडातलं मिश्रण क्षारीय होतं, आणि वर औषधपेटी यांनी आंबटपणाचं जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं घडतं : निकोटीन गालातून झपाट्याने रक्तात जातं. दिवसभर गालात पुडी राहिली तर सिगरेटपेक्षा जास्त निकोटीन सहज चढतं. म्हणजे व्यसन तसंच राहतं, फक्त फुप्फुसातून तोंडात येतं.

वर सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था नुसत्या सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरते. सुपारीतल्या आरेकोलीनची वेगळी सवय लागते. गालाच्या आतलं अस्तर हळूहळू घट्ट, पांढरट, दोरीसारखं होतं आणि तोंड उघडेनासं होतं. तिखट लागलं की आग होते. नागपुरात विशी-पंचविशीतली मुलं या तक्रारीने येतात. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दंतवैद्याकडे लगेच जा. आवळलेलं अस्तर औषधाने पूर्ववत होत नाही, वेळीच थांबलं तर पुढचं नुकसान वाचतं.

म्हणून तोंडात काही हवंच तर बडीशेप, ओवा, धनाडाळ. गोड सुपारी, सुगंधी सुपारी, "तंबाखू नसलेली" पुडी, काहीच नाही. आणि कोणी वेप सुचवलं तर ते देशात २०१९ पासून कायद्यानेच बंद आहे.

सिगरेट आणि खर्रा दोन्ही असणाऱ्यांनी दोन्ही एकाच दिवशी थांबवा. एक चालू ठेवून दुसरं सुटत नाही, चालू राहिलेलं वाढतं. पहिल्या दोन आठवड्यांत तोंडात बारीक छाले येतात, खोकलाही थोडा वाढतो, कारण श्वासनलिकेतली झाडलोट पुन्हा सुरू झालेली असते. दोन्ही आपोआप जातं. तीन आठवडे न भरणारा छाला मात्र दाखवायचाच.

दंत महाविद्यालयांत तंबाखू सोडवण्यासाठी वेगळी व्यवस्था असणं अपेक्षित आहे. मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे विचारा. फोनवर हवं असेल तर १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. सिगरेटच्या पाकिटावरच हा क्रमांक छापलेला असतो.

खामला_३४

सगळ्यांचे मनापासून आभार. गम अर्धा तास गालात ठेवायला लागलो, उचकी बंद झाली. चहा तीन कप केला. दिवसाला दहा गम होऊन राहिल्या, तलफ निम्म्यावर आली. सकाळची मात्र अजून जबरदस्त आहे.

अजून तीन गोष्टी. शनिवारी मित्राच्या शेतावर सावजीचा बेत आहे, दारू असेल. जावं का? चुकून एखादा झुरका झालाच तर सगळं पुन्हा पहिल्यापासून? आणि निकोटीनची पट्टी गमसोबत चालते का? इथे उन्हाळ्यात ती कातडीला चिकटून राहते का?

शब्द_आणि_श्वास

शनिवारी जाऊ नका. आज सहावा-सातवा दिवस असेल. सोडलेली सिगरेट पुन्हा लागते ती बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यात दारूचा वाटा फार मोठा असतो. दारू दोन कामं करते, ठरवलेलं विसरायला लावते आणि हाताला जुनी जोडी आठवून देते. किमान चार आठवडे दारूपासून लांब राहा. सावजीच खायचं असेल तर घरी डबा आणा आणि घरच्यांसोबत जेवा. जेवण झालं की लगेच दात घासा. जेवणानंतरची तलफ तोंडात मसाल्याची चव असेपर्यंत जोर करते.

टाळताच येत नसेल तर आपल्या गाडीने जा, म्हणजे निघणं आपल्या हातात राहील. जेवण झालं की निघा, बैठकीला थांबू नका. खिशात सहा गम ठेवा.

झुरका झाला तर? शरीराच्या हिशोबाने एका झुरक्याने सात दिवस पुसले जात नाहीत. खरं नुकसान त्यानंतर मनात येणाऱ्या वाक्याने होतं : "मोडलंच आहे, आता आजचा दिवस ओढू, सोमवारपासून बघू." त्या वाक्यानंतर पाकीट येतं. म्हणून हे आधीच ठरवून ठेवा : सिगरेट हातातच विझवायची, उरलेल्या कोणालाही न देता पाण्यात टाकायच्या, तिथून उठायचं, पुढच्या गमची वेळ पाळायची. आणि त्याच रात्री वहीत लिहायचं, कोण होतं, काय प्यालो होतो, शेवटची गम कधी होती. उत्तर बहुतेक वेळा त्या तिसऱ्या ओळीत सापडतं. बायकोला त्याच दिवशी सांगा. लपवलेल्या एका झुरक्याची दुसऱ्या दिवशी पाच सिगरेटी व्हायला वेळ लागत नाही.

औषधपेटी

पट्टी आणि गम एकत्र चालते, आणि एकट्या गमपेक्षा किंवा एकट्या पट्टीपेक्षा ही जोडी चांगली चालते. पट्टी दिवसभर खालची पातळी धरून ठेवते, गम वरून उसळलेली तलफ दाबते. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी असणाऱ्यांसाठी रूढ क्रम २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. पट्टी सुरू केली की गम घड्याळावर न घेता गरजेपुरती घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांशिवाय यातलं काहीही सुरू करू नये. तुम्हीही एकदा डॉक्टरांना भेटूनच पट्टी लावा. त्यांना वाटलं तर ते व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑनच्या गोळीबद्दलही बोलतील. फीट येत असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, हे त्यांना आठवणीने सांगा.

मात्रा कमी की जास्त हे असं ओळखा. तलफ आणि चिडचिड टिकून असेल तर कमी. मळमळ, गार घाम, डोकं गरगरणं, धडधड असेल तर जास्त. अशा वेळी पट्टी काढा, ती जागा साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. पट्टी अर्धी कापून वापरू नका.

सकाळच्या तलफेसाठी चोवीस तासांची पट्टी रात्रभर ठेवली तर उठताना रक्तात निकोटीन असतं, ती पहिली तलफ बोथट होते. पण काहींना त्याने भलतीच स्पष्ट स्वप्नं पडतात, झोप बिघडते. तुमची झोप आधीच बिघडलेली आहे, म्हणून पहिला आठवडा रात्री झोपताना काढा आणि उठल्यावर लगेच एक गम. झोप बसली की मग रात्रभर ठेवून बघा.

उन्हाळ्याचा प्रश्न रास्त आहे. नागपुरात ४५ अंशात घामाने पट्टीच्या कडा सुटतात. आंघोळीनंतर लगेच लावू नका. अंग पूर्ण कोरडं करा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा, घाम थांबू द्या. दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग निवडा, केस नसलेला. त्या जागी पावडर, तेल, क्रीम काही नको. साबणाचा अंशही राहू देऊ नका. लावल्यावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, कडांवरून बोट फिरवा. कड सुटली तर वरून कागदी चिकटपट्टी चालते. पूर्ण निघाली तर तीच पुन्हा न लावता दुसऱ्या जागी नवी लावा आणि रोजच्या वेळीच बदला. जागा रोज बदलायची, एकाच जागी आठवडाभरात परत नाही. नाहीतर कातडी लाल होऊन खाजते.

पट्टीवर थेट ऊन किंवा शेक नको. तापलेल्या कातडीतून निकोटीन जास्त वेगाने आत जातं, म्हणून दुपारी बाइकवर बाही पूर्ण असू द्या. पट्ट्यांचा आणि गमचा साठा डिकीत ठेवू नका, घरात गार जागी ठेवा. पट्टी लावून झाली की हात नुसत्या पाण्याने धुवा, त्याच बोटांनी डोळे चोळू नका. आणि काढलेली पट्टी चिकट बाजू आत घालून दुमडा, जुन्या पाकिटात भरून झाकणाच्या डब्यात टाका. तिच्यातही निकोटीन उरलेलं असतं, आणि लहान मुलांना ती स्टिकरसारखी दिसते.